एकच नकाशा, चार विषयांच्या कप्प्यांत

कोयनेचा एक साधा नकाशा घ्या. त्यावर सातारा जिल्ह्यातलं धरण आहे, त्यामागे पसरलेला शिवसागर जलाशय आहे, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला गेलेले बोगदे आहेत, पोफळीचं वीजघर आहे आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचं ठिकाणही आहे. शिक्षकाने हा नकाशा संगणकात ठेवायचा कुठे? नद्या शिकवताना तो भूगोलाला लागतो. उंचावरून पडणाऱ्या पाण्यातून वीज कशी होते हे सांगताना विज्ञानाला लागतो. बेसाल्टच्या धड्यालाही लागतो आणि आपत्ती व्यवस्थापनालाही. आपण तो ‘भूगोल’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि विज्ञानाच्या तासाला तो आपल्याकडे आहे हेच आठवत नाही. चार ठिकाणी चार प्रती ठेवल्या, तर एकीत दुरुस्ती होते आणि बाकीच्या तीन जुन्याच राहतात.

या अडचणीवरचा उपाय एका अशा साधनात दडलेला आहे, जे शाळेसाठी बनलेलंच नव्हतं. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रात तयार झालं आणि २००६ मध्ये लोकांपर्यंत आलं. संशोधकांना प्रबंधाची संदर्भसूची नीट करता यावी, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी ते प्रत्येक वस्तूची एक नोंद ठेवतं: नाव, कर्ता, साल, प्रकाशक, प्रकार. पुस्तक, नकाशा, चित्रपट, सादरीकरण, ध्वनिफीत, सगळ्यांसाठी वेगवेगळे रकाने. वस्तूबद्दलच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. पुस्तकाचा तेरा अंकी आयएसबीएन टाकला की मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींमधून हे रकाने आपोआप भरून येतात. मराठी पुस्तकांची नोंद दर वेळी सापडत नाही. तेव्हा ती हाताने भरावी.

खरी गंमत पुढे आहे. कोयनेचा तो नकाशा झोटेरोत ओढून ‘नद्या’ या संग्रहात सोडा, मग ‘ऊर्जा’मध्ये, मग ‘खडक’मध्ये, मग ‘आपत्ती’मध्ये. फाईल एकच राहते. घरातली एकच बाई कुणाची आत्या असते, कुणाची मामी, कुणाची जाऊ, तसं. विंडोजवर ती नोंद निवडून कंट्रोलची कळ दाबून धरली, की ती ज्या ज्या संग्रहांत आहे ते सगळे डावीकडच्या यादीत एकदम उजळतात. मला हे अजूनही बघत राहावंसं वाटतं. ज्ञानाच्या शाखांमधल्या भिंती आपणच उभ्या केल्या आहेत, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

ही गोष्ट संगणकाच्या कितीतरी आधी एका भारतीय गणित शिक्षकाने ओळखली होती. एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. एका पुस्तकाला एकच ठरलेला खण, ही पद्धत त्यांना पुरेना. लंडनमध्ये त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि नट-बोल्ट, पण जोडणी बदलली की दर वेळी नवी वस्तू. त्यातून त्यांना वाट सुचली आणि १९३३ मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. विषयाचे पैलू सुटे करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे. आज आपण नोंदीला टॅग, म्हणजे ओळखीचा शब्द, लावतो तेव्हा त्यांच्याच वाटेने चालत असतो.

शिक्षकाला मात्र लेखक आणि साल यांच्या पलीकडचं काही हवं असतं. हे कितवीला चालेल? किती वेळ लागेल? वीज गेली तर चालेल का? शैक्षणिक साहित्याच्या मेटाडेटासाठी २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक मंजूर झालं. त्यात वयोगट, काठिण्य आणि शिकायला लागणारा वेळ यांसाठी खास रकाने आहेत. झोटेरोत हे रकाने नाहीत, पण टॅग आपले आपण ठरवता येतात: ‘नववी’, ‘१५ मिनिटे’, ‘प्रोजेक्टर नको’. या तिन्ही अटी घालून केलेला शोध जतन करून ठेवला, की पुढे जे जे त्यात बसेल ते स्वतःहून तिथे येऊन बसतं. आज टिपलेला लेख जूनमध्ये आपल्याला आपणहून भेटतो.

त्याहूनही मोलाची जागा मला नोंदीला जोडलेल्या टिपणाची वाटते. बोगद्यातून गेलेलं पाणी परत कोयनेत येतं का, असं एखादी मुलगी विचारते. येत नाही, ते वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्रात जातं. हा प्रश्न तिथेच लिहून ठेवावा. नकाशा कुणी काढला हे कोणतीही सूची सांगेल. तो पाहून वर्गात काय घडलं हे फक्त शिक्षकाला माहीत असतं.

शब्दांची शिस्त मात्र लागतेच. कुठे ‘नववी’, कुठे ‘९वी’, कुठे ‘इयत्ता ९’ असं झालं की साहित्य तीन ढिगांत विखुरतं. अर्थात टॅगचं नाव एकदा बदललं की ते सगळ्या नोंदींत बदलतं, त्यामुळे ढीग पुन्हा एक करता येतात. वेगवेगळ्या शाळांतले शिक्षक मिळून एक सामायिक ग्रंथालयही उघडू शकतात. त्यांनी आधी शब्द ठरवून घ्यावेत. फाईलींसाठी मोफत जागा ३०० एमबीच मिळते, म्हणून जड व्हिडिओची फाईल न ठेवता नुसता दुवा नोंदवावा. नोंदी, टॅग आणि टिपणं यांना अशी मर्यादा नाही. ती कितीही लिहा.