'पब्लिक पर्पज'मधला पब्लिक कोण?

रायगडच्या किनाऱ्यावर इंग्रजीची एक शब्दजोडी शाळेने नव्हे, सरकारी नोटिशीने घराघरात पोहोचवली. ती म्हणजे 'पब्लिक पर्पज', सार्वजनिक प्रयोजन!

आमची मुले इंग्रजी शब्द सुटे पाठ करतात. पण इंग्रजीत शब्द जोडीने चालतात. 'गोल' सेट करतात, अचीव्ह करतात. 'पर्पज' मात्र सर्व्ह होतो, म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडतो. मग नोटीस वाचताना पहिला प्रश्न हाच की, कोणाच्या?

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम ६ ची घोषणा झाली की सार्वजनिक प्रयोजन सिद्धच मानले जाई. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या त्या याच कायद्याखाली. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या लढ्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. २००८ मध्ये पेणच्या २२ गावांत सेझवर सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले.

पण सातबाऱ्यावर ज्याचे नावच नाही त्याचे काय? बौद्ध शेतमजूर, कातकरी, खाडीत मासळी धरणारा या 'पब्लिक'मध्ये मोजला जातो का? २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करून पोट भरणारा शेतमजूर आणि पाण्यावर जगणारा मच्छीमार त्यात 'बाधित कुटुंब' ठरतो. प्राथमिक अधिसूचनेवर ६० दिवसांत हरकत घेता येते. एमआयडीसीसारख्या वेगळ्या कायद्याची नोटीस असेल तर तिची रीत वेगळी. म्हणून आधी कायद्याचे नाव वाचा.

याच जिल्ह्यातले महाड आठवा. नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे कागदावर सर्वांना खुले केले. पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेव्हा अस्पृश्यांच्या ओठी लागले. त्यावरही सनातन्यांनी दावा लावला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

कागदावरचे प्रयोजन आपोआप आपल्या उपयोगी पडत नाही. तेव्हा बांधवांनो, नोटीस आली की ती वस्तीत मोठ्याने वाचा, कामाचे आणि राहण्याचे पुरावे जमवा, मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पब्लिक आपणही आहोत, हे आपणच लिहून दिले पाहिजे.