काचबिंदू आणि ध्वनिलहरींचा उपचार

बेणे-खताचा विषय सोडून या वेळी आम्ही डोळ्यांवर लिहीत आहोत. कारण उसातच आहे. पाचट काढताना पात डोळ्याला लागते, मेडिकलवरून थेंब आणतो, बरं वाटलं की महिनोन्‌महिने तेच घालत राहतो. अशा थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

डोळ्याच्या आत पाणी सतत तयार होते आणि बारीक जाळीतून निचरून जाते. निचरा तुंबला की काय होते, ते चोपण जमीनवाल्यांना सांगायला नको. हा दाब साधारणपणे पाऱ्याचा १० ते २१ मिलिमीटर असतो. तो वाढला की मागची नस हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचं दिसत राहतं. घरचे म्हणतात, "आबा, मोतीबिंदू आहे, पिकू द्या." मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही.

आता ध्वनिलहरींचे. पोटाच्या सोनोग्राफीच्या जातीच्याच या लहरी. भिंगाने ऊन एका ठिकाणी आणावे तशा त्या एकवटल्या की तिथे उष्णता होते. पाणी तयार करणाऱ्या भागाचा थोडा अंश त्या उष्णतेने निकामी करायचा. म्हणजे चर रुंद करण्याऐवजी पाटाचं दारच थोडं खाली करायचं. न्यूयॉर्कचे डॉ. कोलमन यांनी १९८० च्या दशकात हे केले. यंत्र अवजड होते, लेझर आल्यावर ते मागे पडले. २०१० नंतर फ्रान्समध्ये लहान यंत्र निघाले. डोळ्यावर कडे बसवतात, त्यात लहरी सोडणाऱ्या सहा पट्ट्या असतात. चीर नाही, काही मिनिटांचे काम. डोळा मात्र बधिर करावा लागतो.

पण हे वाचून लगेच मुंबईची गाडी धरू नका. दाब बऱ्याच जणांचा उतरतो, सगळ्यांचा नाही. काहींना पुन्हा करावे लागते, थेंबही पुष्कळदा चालूच राहतात. आमच्या मते आपल्याकडे खरी अडचण यंत्राची नाही, तपासणीची आहे. चाळिशीनंतर, आणि आई-वडिलांना किंवा भावाला काचबिंदू असेल तर त्याआधीच, दाब आणि नस दोन्ही तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असे नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना घरात चालू असलेली थेंबांची बाटली बरोबर न्या.