तीन सामने हरलेल्या संघाचा क्वार्टरबॅक

९ डिसेंबर २०२३ रोजी न्यू यॉर्कमध्ये हाइझमन करंडकासाठी जेडन डॅनियल्सचं नाव पुकारलं गेलं आणि अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमधला एक जुना वाद पुन्हा पेटला. डॅनियल्स हा लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे एलएसयूचा क्वार्टरबॅक. चढाई करणाऱ्या अकरा जणांचा सूत्रधार तोच. चेंडू कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे क्षणार्धात त्याला ठरवावं लागतं. त्याचा संघ १२ पैकी ३ सामने हरला होता. उलट दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला मायकेल पेनिक्स ज्युनियर सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळत होता आणि त्याच्या संघाने १३ पैकी १३ सामने जिंकले होते. मग तीन वेळा हरलेल्या संघाच्या खेळाडूचा विचार तरी का करावा, असा सवाल तेव्हा झाला आणि अजूनही होतो. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. त्यावरचे बहुतेक आक्षेप डॅनियल्सच्या खेळापेक्षा या पुरस्काराविषयीच्या गैरसमजांवर उभे आहेत.

सर्वांत पसरलेला समज असा, की हाइझमन म्हणजे देशातल्या सर्वोत्तम संघाच्या म्होरक्याला मिळणारं बक्षीस. पण संघासाठी अमेरिकेत वेगळी राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा आहे. हाइझमन १९३५ पासून दिला जातो, तो त्या मोसमातल्या सर्वांत उठून दिसलेल्या एका खेळाडूला. कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेचा तो पुरस्कार नाही. न्यू यॉर्कच्या डाउनटाउन अॅथलेटिक क्लबने तो सुरू केला आणि आता हाइझमन ट्रस्ट तो देतो. देशाचे सहा विभाग पाडून प्रत्येकातले १४५ पत्रकार मत देतात, म्हणजे एकूण ८७०. त्यांच्या जोडीला हयात असलेले माजी विजेते असतात आणि चाहत्यांचं मिळून एक मत असतं. प्रत्येक मतदार तीन नावं क्रमाने लिहितो आणि त्यांना ३, २, १ असे गुण मिळतात. या रचनेत संघाच्या जयपराजयाला कुठेही ठरावीक वजन दिलेलं नाही. १९५६ साली नोत्र दामचा संघ १० पैकी ८ सामने हरला, तरी त्याच्याच पॉल हॉर्नंगला हाइझमन मिळाला. ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडॉनल्डला पहिल्या पसंतीची २०५ आणि हॉर्नंगला १९७ मतं होती. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या गुणांनी हॉर्नंग पुढे गेला. तो निकाल मला स्वतःला पटत नाही, कारण त्या मोसमात हॉर्नंगचे टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, ३ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले पास १३ होते. पण हरलेल्या संघाचा खेळाडू नियमानेच बाद होतो, हा समज त्या निकालाने कायमचा खोटा ठरवला. अलीकडचं पाहायचं तर २००७ चा टिम टीबो, २०११ चा रॉबर्ट ग्रिफिन आणि २०१६ चा लामार जॅक्सन, या तिन्ही क्वार्टरबॅकचे संघ मतदानापर्यंत ९ जिंकून ३ हरलेले होते. डॅनियल्सने नवा पायंडा पाडला नाही.

तरीही पायंडा आहे म्हणून निर्णय बरोबर, एवढं म्हणून भागत नाही. ते तीन पराभव कसे झाले हे बघायला हवं. ओल मिस विद्यापीठाविरुद्ध एलएसयूने ४९ गुण केले आणि सामना ५५-४९ ने गमावला. क्वार्टरबॅकच्या चढाईने ४९ गुण उभे केल्यावर उरलेली जबाबदारी कुणाची, हे उघड आहे. एलएसयूचा बचाव वर्षभर गळका होता. मिझुरीविरुद्ध ३९ गुण देऊनही ते जिंकले, कारण चढाईने ४२ केले. अलाबामाविरुद्धचा सामना ४२-२८ ने गेला, आणि त्यात चौथ्या सत्रात डोक्याला मार बसल्यामुळे डॅनियल्सला मैदान सोडावं लागलं. फ्लोरिडा स्टेटविरुद्धच्या सलामीच्या सामन्याचं मात्र समर्थन करता येत नाही. मध्यंतराला १७-१४ असा पुढे असलेला संघ उत्तरार्धात ३१-७ असा मागे पडला, आणि त्या सात गुणांचा जाब क्वार्टरबॅकलाही द्यावा लागतो. म्हणजे तीन पराभवांपैकी एकाचा मोठा वाटा त्याच्या माथी, एकाचा जवळजवळ नाहीच, आणि एक अर्धवट राहिलेला. ९-३ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

हीच कसोटी विजयांनाही लावली पाहिजे. २१ ऑक्टोबर २०२३ ला वॉशिंग्टनने अॅरिझोना स्टेटला १५-७ ने हरवलं. त्या दिवशी पेनिक्सच्या चढाईला एकही टचडाउन करता आला नाही. वॉशिंग्टनचा एकमेव टचडाउन बचावफळीतल्या मिशेल पॉवेलने प्रतिस्पर्ध्याचा पास अडवून, चेंडू घेऊन पळत केला. हिशेबात तोही पेनिक्सच्या खात्यावरचा विजय. क्वार्टरबॅक जिंकतो किंवा हरतो, ही बोलण्याची सवय आहे. तो बचावाच्या वेळी बाकावर बसलेला असतो, ही वस्तुस्थिती.

मग उरतो तो त्याचा स्वतःचा खेळ. मतदानापर्यंतच्या १२ सामन्यांत डॅनियल्सने पास करून ३,८१२ यार्ड आणि ४० टचडाउन मिळवले, चुकीच्या हाती गेलेले पास फक्त ४. याशिवाय स्वतः पळत १,१३४ यार्ड आणि १० टचडाउन. या धावण्याच्या आकड्याबद्दल एक बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही. व्यावसायिक एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकला पास करण्याआधीच मागे पाडलं, म्हणजे सॅक झाला, तर गेलेले यार्ड संघाच्या पासिंगमधून वजा होतात. कॉलेज फुटबॉलमध्ये ते त्या क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात. म्हणून १,१३४ हा आकडा सगळ्या सॅकचे यार्ड वजा केल्यानंतरचा आहे. प्रत्यक्ष पळून कमावलेलं अंतर त्याहून जास्त. ११ नोव्हेंबरला फ्लोरिडाविरुद्ध त्याने ३७२ यार्ड पास करून आणि २३४ यार्ड पळून मिळवले. एकाच सामन्यात पासचे ३५० आणि धावण्याचे २०० यार्ड ओलांडणारा कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतला तो पहिलाच खेळाडू. डोक्याला मार बसून मैदान सोडल्यानंतरच्या अवघ्या आठवड्यातली ही गोष्ट आहे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की हे आकडे दुबळ्या संघांवर फुगवलेले आहेत. ग्रॅम्ब्लिंगविरुद्धचा ७२-१०, आर्मीविरुद्धचा ६२-० आणि जॉर्जिया स्टेटविरुद्धचा ५६-१४, असे सामने एलएसयूच्या वेळापत्रकात होतेच, आणि जॉर्जिया स्टेटविरुद्ध एकट्या डॅनियल्सच्या नावावर ८ टचडाउन लागले. ते सामने मी तरी हिशेबात जवळजवळ धरणार नाही. पण ते बाजूला ठेवले तरी ओल मिस, मिझुरी आणि फ्लोरिडा उरतातच, आणि त्या तिन्ही सामन्यांत त्याच्या चढाईने निदान ४२ गुण केले. दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा. त्याचे पास झेलणारे मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस ज्युनियर दोघेही २०२४ च्या एनएफएल निवडीत पहिल्या फेरीतच उचलले गेले. असे झेलणारे असले की क्वार्टरबॅकचं काम सोपं होतं, हे खरं. मात्र पेनिक्सकडे रोम ओडुन्झे होता, तोही पहिल्या फेरीचाच. शिवाय झेलणारा कितीही चांगला असला तरी तो क्वार्टरबॅकसाठी हजार यार्ड पळत नाही.

हाइझमन म्हणजे पुढच्या व्यावसायिक यशाचं भाकीत, हा आणखी एक चिवट समज. १९९३ चा विजेता चार्ली वॉर्डला एनएफएलच्या एकाही संघाने निवडलं नाही; तो न्यू यॉर्क निक्सकडून बास्केटबॉल खेळला. २००३ चा जेसन व्हाइटही कुणी निवडला नाही. उलट एनएफएलमधला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी हाइझमनच्या आसपासही नव्हता. डॅनियल्स पुढे एनएफएलच्या वॉशिंग्टन कमांडर्सकडून चमकला, म्हणून २०२३ चा निर्णय योग्य ठरतो असं म्हणणंही तितकंच चूक आहे. मतदारासमोर फक्त त्या मोसमाची नोंद असते.

तीही पूर्ण मोसमाची नसते, हे विसरल्याने बराच घोळ होतो. कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटांचे, अंतिम सामने झाले की मतदान बंद होतं. मोसमाअखेरचे बोल आणि प्लेऑफचे सामने त्यानंतरचे. १ जानेवारी २०२४ ला शुगर बोलमध्ये पेनिक्सने टेक्सासविरुद्ध ४३० यार्डांचे पास केले, तेव्हा मतदार चुकले अशी हाकाटी झाली. आठवडाभराने मिशिगनने अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवलं, तेव्हा ती विरली. दोन्ही सामने मतपत्रिकेच्या बाहेरचे होते.

पेनिक्सच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मतदानाआधीचाच आहे. क्वार्टरबॅक बो निक्सच्या ऑरेगन संघाला पेनिक्सच्या संघाने एकाच मोसमात दोनदा हरवलं, ३६-३३ आणि ३४-३१, आणि दोन्ही वेळा निर्णायक टप्प्यात चेंडू पेनिक्सच्या हातात होता. अटीतटीच्या सामन्यात बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापुढे न डगमगणं हा विजयांच्या आकड्याहून वेगळा गुण आहे, आणि त्यासाठी त्याला मत देणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पहिल्या पसंतीची ५०३ मतं डॅनियल्सला, २९२ पेनिक्सला. एकूण गुण २,०२९ आणि १,७०१. मतपत्रिकेवर तीन ओळी असतात. डॅनियल्सचं नाव पहिल्या ओळीत लिहून पेनिक्सचं दुसऱ्या ओळीत लिहिताना माझा हात जराही अडखळला नसता.