पट्टा एक, दुखणी दोन

फियाटच्या काळाबद्दल मी फार लिहिणार नाही. चारी चाकांना ड्रमब्रेक, डायनमो आणि त्याचा तो लहरी कटआउट, या सगळ्यावर दिवाळी अंकांतून पुरेसे उमाळे येऊन गेले आहेत. कुर्ल्याची ती गाडी घरी दुरुस्त व्हायची, कारण तिच्यात बिघडण्यासारखं मुळात थोडंच होतं. 1983 साली मारुती आली, डायनमो जाऊन अल्टरनेटर घरोघरी पोचला. डायनमोच्या काळातली एक खोड मात्र गेली नाही.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची. गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक! आमच्या पिढीतले काही जाणकार आजही पोरांना हा मंत्र देतात. त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो. त्यात डायोड जातात, आणि आजच्या गाडीत ईसीयूसुद्धा. दोनतीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला की ही मर्दुमकी लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला म्हणा.

काटा तेरावर चढतच नसेल तरी लगेच अल्टरनेटर उतरवू नका. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा, हेडलाइट लावा आणि इंजिनाला थोडी रेस द्या. इथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अल्टरनेटर बिचारा कमावतोय, पैसा वाटेत गळतोय. तार कुजली असेल किंवा लग गंजला असेल. हीच तपासणी इंजिनची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात करा. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. हे काम पॉलिशपेपरने होतं.

ब्रेकचं घरगुती निदान सगळ्यांना पाठ आहे. पेडल स्पंजासारखं लागलं तर हवा, दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडरचे वायसर, गाडी एका बाजूला ओढली तर एखादा कॅलिपर अडकलेला. ब्रेक ऑइल मात्र कोणी बदलत नाही. ते हवेतला ओलावा पितं. डॉट 3 ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलं की ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. कोकणातले दोन पावसाळे पाहिलेली गाडी घेऊन आंबोली उतरणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनाकडून फुकट मिळत नाही, त्यासाठी पंप लागतो. 1994 च्या सुमोसारख्या कितीतरी डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर, एकाच दांड्यावर बसवलेला असे. म्हणजे पट्टा एक आणि त्याच्यावर पोसलेली खाती दोन. पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात पेडल दगड होतं. लोक दिवा बघून म्हणत, ‘बॅटरीवर घरापर्यंत जाईल.’ जाईलही, पण घाटात ती थांबवायची कशी?

याहून चकवा देणारा बिघाड ऑइलसीलचा. पंपाला वंगण इंजिन ऑइलचं. सील म्हातारं झालं की तेल अल्टरनेटरमध्ये झिरपतं, कार्बन ब्रश काळ्या चिखलात रुततात आणि डॅशबोर्डवरचा दिवा मिणमिणू लागतो. बॅटरीवाला बॅटरी विकतो, ब्रेकवाला बूस्टर बदलतो. अल्टरनेटरच्या पाठीवर बोट फिरवून बघायला कोणी वाकत नाही. बोट तेलकट निघालं की निदान झालं. बूस्टरची परीक्षा तर त्याहून सोपी. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा मारा, ते कडक झालं की दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय अलगद खाली गेला तर बूस्टर, पंप, पाइप तिन्ही बरे. नाही गेला तर आधी पाइप बघा. तडकलेलं रबर बूस्टरपेक्षा कितीतरी स्वस्त.

नाना पेठेत पूर्वी नुसतं सील आणि ब्रशची जोडी मागितली की मिळे. आता पहिला प्रश्न येतो, ‘अख्खी असेंब्ली देऊ?’ गॅरेजमधला पोरगा स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि कोडात नाव असलेला भाग बदलतो. गंजलेल्या लगला कोड नसतो. उलट नव्या काही गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंगचा व्होल्टेज मुद्दाम उतरवतात, त्यामुळे माझ्यासारखा मीटरवालाही तिथे चकतो. 12.8 दिसलं म्हणून घाबरू नका. सगळे दिवे लावून पुन्हा मोजा.

विजेच्या गाडीत तर ही दोन खाती पुन्हा एकत्र आली आहेत. पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि बॅटरीत वीज भरते. पॅड त्यामुळे वर्षानुवर्षं झिजत नाहीत आणि समुद्राकाठी डिस्क गंजत बसतात. रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींनी आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, रिजनरेशन कमीत कमी ठेवून चारदोन ब्रेक सणसणीत मारावेत.