व्यसन आणि गाव, लेखांक ७ : चिठ्ठी धुळ्याची, माणूस सोनगीरचा

दारू एकाएकी बंद केली की हात का थरथरतात, घाम का फुटतो आणि काहींना झटके का येतात, ते मागच्या लेखात पाहिलं. आज त्याच माणसाला घेऊन दवाखान्यात जाऊ.

उदाहरणासाठी सोनगीरचा एक तांबट धरू. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं मठारकाम हाताच्या ठोक्यावर चालतं. ठोका एकसारखा पडला नाही की भांडंच चुगली करतं. रोजची सवय जडलेल्या कारागिराला सकाळी घोटभर घेतल्याशिवाय हातोडी धरता येत नाही, आणि एकदा घेतली की दिवसभर थांबता येत नाही. बायकोनं फारच लावून धरलं म्हणून तो एक दिवस आरोग्य केंद्रात येतो. पण दारूबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘पोटमा आग पडस, आंगमा जीव नही ऱ्हायना,’ एवढीच तक्रार. डॉक्टर जाणते असतील तर ओळखतात आणि चिठ्ठी लिहितात : धुळ्याला मोठ्या दवाखान्यात मानसोपचार विभागात दाखवा, एचआयव्हीची तपासणीही करून घ्या.

सोनगीर ते धुळे वीसेक किलोमीटर. मुंबई-आग्रा महामार्ग गावाजवळूनच जातो, गाड्यांना तोटा नाही. तरी ती चिठ्ठी खिशातच राहते, आणि पुढच्या धुण्यात तिचा लगदा होतो.

हे एकट्या सोनगीरचं रडगाणं नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर व्यसनांची पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकानं कसला तरी उपचार मिळाल्याचं सांगितलं होतं. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मागे एक. व्यसनमुक्ती केंद्रं वाढवा, खाटा वाढवा, असं आपण म्हणत राहतो. त्या हव्यातच. पण खाटेपर्यंत माणूस पोचतच नसेल, तर मधल्या रस्त्याचं काय करायचं, हा प्रश्न आधी येतो. या रस्त्याचं मोजमाप करण्याचं काम काही विद्यापीठांनी आणि गावपातळीवरच्या संस्थांनी मिळून केलेलं आहे. आजचा लेख त्याबद्दल.

अमेरिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथला एक प्रयोग नेमका या चिठ्ठीवरच आहे. तिथल्या विद्यापीठांत व्यसनोपचाराचं संशोधन भरपूर होत होतं, पण वस्तीतल्या उपचार केंद्रांत काम करणाऱ्या समुपदेशकापर्यंत त्यातलं फारसं काही उतरत नव्हतं. म्हणून १९९९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेनं विद्यापीठं आणि उपचार केंद्रं यांची एक साखळी उभी केली. या साखळीनं १२ केंद्रांतल्या १,२८१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटलं. पहिल्या गटाला सांगितलं, एचआयव्हीची तपासणी अमुक ठिकाणी होते, तिथं जाऊन या. दुसऱ्या गटाची तपासणी केंद्रातच, तिथल्या तिथं केली. तिसऱ्या गटाची तपासणीही केंद्रातच केली, वर सुरक्षित वागण्याबद्दल समुपदेशनही केलं. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. जागेवर तपासणी झालेल्यांत निकाल हातात पडलेल्यांचं प्रमाण, बाहेर पाठवलेल्यांच्या सुमारे साडेचार पट होतं. तिसऱ्या गटाला दिलेल्या जादा समुपदेशनानं मात्र वागण्यात फरक पडलेला दिसला नाही. पुढच्याच वर्षी गुप्तरोगांच्या दवाखान्यांतल्या पाच हजारांवर रुग्णांवर असाच अभ्यास झाला, त्यातही तपासणीच्या वेळी केलेल्या उपदेशानं नवे संसर्ग कमी झाले नाहीत.

मला यातला दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. आपल्याकडे जनजागृती म्हटलं की भाषण, पथनाट्य आणि भिंतीवरची घोषणा. त्यानं काय साधलं, हे मोजायची पद्धत नाही. काय निरुपयोगी ठरलं ते छापून मोकळं होण्याची हिंमत विद्यापीठाला परवडते. निधीसाठी दरवर्षी अहवाल पाठवणाऱ्या संस्थेला ती परवडत नाही.

पण याचा अर्थ बोलून काहीच होत नाही, असा घ्यायचा नाही. कोण बोलतं, किती वेळा आणि कशाबद्दल, यावर सगळं आहे. त्यासाठी गोव्यात यावं लागेल.

गोव्यात ‘संगथ’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेबरोबर तिनं एक प्रयोग केला. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. जागा होती १० प्राथमिक आरोग्य केंद्रं. तिथं कुठल्याही दुखण्यासाठी आलेल्या पुरुषांना जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली विचारायची. किती वेळा पिता, एका बैठकीला किती, पिण्यामुळं काम चुकलं का, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का, घरच्या कुणी कमी करायला सांगितलं का. गुण शून्य ते ४०. आठपासून धोका सुरू होतो, वीस आणि पुढं गेलं की अवलंबित्वाची शंका घ्यावी लागते. प्रयोगात घेतले १२ ते १९ गुणांचे ३७७ पुरुष. म्हणजे दारूनं नुकसान करायला सुरुवात केली आहे, पण अजून डॉक्टरी देखरेखीशिवाय कमी करता येईल, असे. आपला तांबट यात बसणार नाही. त्याचे हात सकाळी थरथरतात, त्याला आधी डॉक्टरच हवा. पण त्याचा धाकटा भाऊ बहुधा बसेल.

या पुरुषांशी बोलायला डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नेमले नव्हते. मानसोपचाराचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिकांना त्यासाठी तयार केलं होतं. एक ते चार बैठका, प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाच्या. कोकणीत, मराठीत, हिंदीत, ज्याला जी जमेल तीत. विषयही व्यवहारातले : पिण्याची इच्छा कधी होते, पगाराच्या दिवशी काय करायचं, ‘अरे एकच घे’ म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यायचं, भांडण झाल्यावर पाय दुसरीकडे कसे वळवायचे. आणि यातली मला सर्वांत आवडलेली बाब म्हणजे या बैठका ध्वनिमुद्रित व्हायच्या. समुपदेशक मंडळी एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकायची आणि गुण द्यायची. इथं तू रुग्णाला बोलूच दिलं नाहीस, इथं तू उपदेश केलास. मोठ्या साहेबाच्या तपासणीपेक्षा हे स्वस्त, आणि माझ्या मते जास्त बोचणारं.

तीन महिन्यांनी ज्यांचे गुण आठच्या खाली आले असे पुरुष समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात २६ टक्के. आधीचे चौदा दिवस दारूला शिवले नाहीत असे ४२ टक्के, दुसरीकडे १८. वर्षानंतर पहिला आकडा ५४ विरुद्ध ३२ टक्के असा झाला. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र या बैठकांनी कमी झालं नाही, हेही तीन महिन्यांच्या निकालांवरच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातल्या लेखात स्पष्ट लिहिलं आहे.

दारूचा एचआयव्हीशी काय संबंध, असं विचारणारे वाचक आहेत. त्यासाठी मुंबई. २००१ पासून काही वर्षं कनेक्टिकट विद्यापीठ, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि इतर भागीदारांनी तिथल्या तीन कष्टकरी वस्त्यांत ‘रिश्ता’ नावाचा प्रकल्प चालवला. सुमारे २,४०० विवाहित पुरुषांशी आधी नुसतं बोलून घेतलं. एड्ससाठी कुणी दवाखान्यात जात नव्हतं. पण कमजोरी, धातू जाणं, ‘गुप्त रोग’ अशा तक्रारी सांगणारे निम्म्याच्या आसपास होते, आणि त्या घेऊन ते वस्तीतल्या वैद्य-हकिमांकडे जायचे. विद्यापीठातल्या माणसाचा पहिला मोह असा असतो, की हे अज्ञान दूर करू. इथं तसं केलं नाही. ज्याच्याकडे माणूस आपण होऊन जातो त्या वैद्यालाच तयार केलं : तक्रारीवर औषध दे, पण तिच्यामागची हकिकतही ऐक. काम, घर, बायकोशी नातं, दारू, बाहेरचे संबंध. ‘आंगमा जीव नही’ या वाक्यामागं किती काय असू शकतं, हे तिथं कळलं.

पुढं याच मंडळींनी मुंबई परिसरातल्या पाच एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रांत, एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि पिणाऱ्या पुरुषांबरोबर काम केलं. एकट्याशी सल्लामसलत, गटात चर्चा आणि रुग्णांनी मिळून आपल्या मागण्यांचा पाठपुरावा करणं, अशा तिन्ही वाटा आजमावल्या.

एआरटी केंद्रातच दारूचं काम का, तर अडचण गोळीची आहे. दारू आणि औषध एकत्र गेलं तर विष होईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग ज्या दिवशी प्यायची त्या दिवशी गोळी टाळली जाते. लग्न आलं, सण आला, बाजाराचा दिवस आला की गोळी चुकते. वारंवार चुकली तर विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, औषधाला दादही देईनासा होतो. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत ९ देशांतली १,७६३ जोडपी होती, दोघांपैकी एक बाधित, एक नाही. पुण्यातली ‘नारी’, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, त्यात सहभागी होती. औषध लवकर सुरू केलेल्या जोडप्यांत जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे नवऱ्याची रोजची गोळी ही बायकोची ढाल झाली, आणि ज्यामुळं गोळी चुकते ते व्यसन आवरणं हाच प्रतिबंध झाला. म्हणून प्यायलात त्या दिवशीही गोळी चुकवू नका, आणि पिण्याबद्दल डॉक्टरांना खरं सांगा.

आता सोनगीर. महामार्ग, टोलनाका, ढाबे, रात्री थांबणारे ट्रक यांच्यामुळं अशा गावांकडे एचआयव्हीच्या कार्यक्रमांचं लक्ष पूर्वीपासून आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘अवाहन’ कार्यक्रमात ट्रकचालकांसाठी महामार्गांवरच्या थांब्यांवर ‘खुशी’ नावाचे दवाखाने उघडले होते. तत्त्व तेच, ट्रक जिथं थांबतो तिथं दवाखाना. पण ट्रकवाला निघून जातो. गावातला पिणारा गावातच असतो, आणि त्याच्यासाठी असं कुणी दुकान मांडलेलं नसतं.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. महाविद्यालयाच्या जनऔषध विभागाचे विद्यार्थी गावांत फिरतातच. त्यांनी दहा प्रश्नांची ती प्रश्नावली अहिराणीत घडवून आरोग्य केंद्राच्या बाकावर विचारायला हवी. गुण मधले असतील तर तिथंच बोलणारा माणूस हवा, वरचे असतील तर चिठ्ठीबरोबर धुळ्यापर्यंत सोबत जाणारा. सहा महिन्यांनी कितीजण पोचले, कितीजण परत फिरले, ते विद्यापीठानं मोजावं आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. वाईट आले तरी.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गावातूनच येतो. जवळचं दार सगळ्यांना नको असतं. आरोग्य केंद्रातली परिचारिका कुणाची तरी मावशी असते, शिपाई कुणाचा तरी साडू. एचआयव्हीची तपासणी गावात करायला सांगितली तर काहीजण मुद्दाम नाशिक गाठतील. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय तपासणी आणि निकाल उघड करणं, दोन्हींना मनाई केली आहे, पण बाकावर बसलेल्या चार शेजाऱ्यांना कायद्यानं उठवता येत नाही. गोव्यात बोलणं दारूबद्दल होतं, आणि दारू लपून राहतच नाही. एचआयव्हीचं तसं नाही. म्हणून समुपदेशक गावचा, पण तपासणी माणसाच्या पसंतीच्या ठिकाणी, अशी विभागणी करून पाहावी असं मला वाटतं. ती चालेल की नाही, हेही मोजूनच कळेल.

तोवर फोन आहेत. व्यसनाबद्दल १४४४६, एचआयव्हीबद्दल १०९७. दोन्ही विनाशुल्क, आणि समोरचा माणूस गावातला नसतो. रोज पिणाऱ्यानं मनानंच एका दिवसात दारू तोडू नये, आधी डॉक्टरला विचारावं.

पुढच्या आठवड्यात बायकांकडे वळू. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत तपासलेल्या, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या स्त्रियांत १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या, हे ‘नारी’ आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये छापलं. त्या आकड्यानं काय काय बदललं आणि काय बदललं नाही, ते पाहू.