द व्हिजिटर्स (ॲबाचा आल्बम)

द व्हिजिटर्स हा ॲबा या स्वीडिश पॉप गटाचा आठवा स्टुडिओ आल्बम होय. तो ३० नोव्हेंबर १९८१ रोजी पोलर म्युझिक या कंपनीने प्रकाशित केला. गटातील दोन्ही दांपत्ये तोपर्यंत विभक्त झाली होती. चौघे गात मात्र एकत्रच होते.

समीक्षा आणि स्वागत

नृत्यप्रधान, आनंदी गाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गटाकडून श्रोत्यांना या आल्बमची अपेक्षा नव्हती. शीर्षकगीतात सोव्हिएत राजवटीखालील असंतुष्टांना दारावरच्या थापेची वाटणारी भीती आहे. 'व्हेन ऑल इज सेड अँड डन' बियॉन उल्व्हेयस यांनी बेनी अँडरसन व फ्रीडा यांच्या ताटातुटीवर लिहिले, आणि ते गायले स्वतः फ्रीडा यांनीच. समीक्षक आजही या गीताचा उल्लेख टाळू शकत नाहीत. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स'मध्ये शाळेला निघालेल्या मुलीकडे पाहणारी आई आहे. 'मामा मिया!' या चित्रपटात (२००८) ते मुलीच्या लग्नाच्या तयारीच्या प्रसंगी येते. मराठी श्रोत्यास तेथे पाठवणीच्या गीतांची आठवण व्हावी.

ब्रिटनमध्ये आल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, तर अमेरिकेत तो २९व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. 'वन ऑफ अस' ब्रिटनमध्ये तिसऱ्या स्थानी होते. त्यानंतरचे 'हेड ओव्हर हील्स' तेथे २५व्या स्थानावर थांबले. गटाची लोकप्रियता ओसरू लागल्याचे हे चिन्ह मानले गेले.

पुढील काळात मात्र आल्बमची प्रतिष्ठा वाढत गेली. हा गटाचा सर्वांत प्रगल्भ व सर्वांत उदास आल्बम, असे मत आता रूढ आहे. मुखपृष्ठही त्याच दृष्टीने वाचले जाते. चित्रकार युलियस क्रोनबर्ग यांच्या अंधाऱ्या चित्रशाळेत चौघे एकमेकांपासून अंतर राखून आहेत. 'टू फॉर द प्राइस ऑफ वन' हे विनोदी गीत या मांडणीत उपरे वाटते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ध्वनीच्या स्वच्छ, काहीशा थंड पोताचे श्रेय डिजिटल ध्वनिमुद्रणास दिले जाते. १९८२ साली सीडीवर उतरलेल्या पहिल्या पॉप आल्बमांत याची गणना होते.

यानंतर ॲबाचा नवा स्टुडिओ आल्बम, 'व्हॉयेज', २०२१ मध्येच आला. तोवर दीर्घकाळ द व्हिजिटर्सकडे गटाचा निरोप म्हणूनच पाहिले गेले. २०१२ च्या विस्तारित आवृत्तीत 'लाइक अ‍ॅन एंजल पासिंग थ्रू माय रूम' या शेवटच्या गीताचे आरंभीचे कच्चे खर्डे एकत्र ऐकायला मिळतात. अंतिम रूपात घड्याळाची टिकटिक आणि फ्रीडा यांचा एकटा आवाज एवढेच ठळकपणे उरले आहे.