डिझेल ट्रकचे ऑईल : सिंथेटिककडे कधी वळावे?

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, शिष्यवृत्ती या विषयांवरचे लेख नेहमी येतात. यंदा मलाही लिहिण्याचा आग्रह झाला. मी इंजिन ऑईलवर लिहितो म्हटल्यावर दोघे-तिघे हसले, आणि त्यात चूक काही नाही. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेतल्या कारकुनाची. परंतु पिरंगुटचे कारखाने आणि सगळीकडे चाललेली बांधकामे यांमुळे आपल्या मुळशी तालुक्यातले कितीतरी तरुण टेम्पो-ट्रकच्या धंद्यात उतरले आहेत, आणि बहुतेकांनी कर्ज काढून गाडी घेतली आहे. इंजिन बसले की पुढच्या महिन्यापासून हप्ता थांबतो, हे मी काउंटरच्या आतून पाहत आलो आहे. घरातही पाहिले.

माझ्या भाच्याने २०१४ सालचा जुना ट्रक घेतला. कर्ज एका पतसंस्थेचे, जामीनदार मी. एका दुकानदाराने त्याला सांगितले, "आता सिंथेटिक टाक, दुप्पट किलोमीटर चालव." दरही बाजारापेक्षा बराच कमी लावला. भाच्याने बादली घेतली, बिल घेतले नाही. पुढे माणगावकडून माल भरून ताम्हिणी घाट चढताना ऑईलचा लाल दिवा लागला. गाडी उभी करायला जागा बरी नाही म्हणून तो आणखी थोडा वर चढला. तेवढ्यात बेअरिंगे गेली. मिस्त्री म्हणाला, हे ऑईल डब्यावर लिहिलेले ऑईल नाही. पण बादली केव्हाच भंगारात गेलेली, बिल नाही, म्हणजे सिद्ध काहीच करता आले नाही. तीन हप्ते थकले आणि पतसंस्थेची नोटीस माझ्या घरी आली. तेव्हापासून मी गाडीचे माहितीपुस्तक आणि मिस्त्री या दोघांच्या मागे लागलो. त्यातून जे कळले ते येथे मांडतो.

ऑईल फक्त वंगण नव्हे. ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, रिंगांची फट भरून दाब राखते, गंज रोखते, आणि डिझेल जळून होणारी काजळी आपल्यात तरंगत ठेवते. म्हणून डिझेल गाडीचे ऑईल थोड्याच दिवसांत काळे पडते. काळे झाले म्हणजे खराब झाले असे नाही. काजळी इंजिनात न साचता ऑईलमध्ये आली, एवढाच त्याचा अर्थ. बोटाला लावून रंग पाहून ऑईल बदलणारे पुष्कळ आहेत. त्या परीक्षेला अर्थ नाही.

डब्यातले बहुतेक ऑईल हे मूळ तेल असते आणि त्यात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात. मिनरल ऑईलचे मूळ तेल कच्च्या खनिज तेलातून गाळून काढतात, त्यामुळे त्याचे रेणू लहान-मोठे, सरमिसळ असतात. सिंथेटिकमध्ये रेणू रासायनिक क्रियेने जवळजवळ एकसारखे घडवलेले असतात. असे ऑईल तापल्यावर कमी पातळ होते, कमी उडते आणि लवकर करपत नाही. मात्र 'सिंथेटिक' या शब्दावर फार विसंबू नये. खनिज तेलावरच हायड्रोजनची प्रखर प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही हा शब्द लावता येईल, असा निर्णय १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरातींच्या तंटानिवारण मंडळाने कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्या वादात दिला. तेव्हापासून तीच रीत पडली आहे. 'सेमी-सिंथेटिक' तर त्याहून सैल शब्द, कारण त्यात सिंथेटिक किती टक्के हे डब्यावर बहुधा नसते.

मग डब्यावर वाचायचे काय? दोन गोष्टी. पहिली म्हणजे १५डब्ल्यू-४० यासारखा आकडा. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. १५डब्ल्यू ऑईलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर. आपल्याकडे डिसेंबरातल्या पहाटेही तसली थंडी नसते. तेव्हा सिंथेटिकचा जो गुण थंड देशांत सर्वांत जास्त वाखाणला जातो, तो मुळशीत फारसा कामाचा नाही. मागचा ४० हा आकडा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा, १०० अंशांवर मोजलेला. आपल्याला तो महत्त्वाचा, आणि तो मिनरलचा असो की सिंथेटिकचा, ४० म्हणजे ४०च. फरक पडतो तो घाटात भरलेली गाडी तासभर खालच्या गिअरमध्ये ओढताना, आणि विशेषतः टर्बोमध्ये. टर्बोच्या बेअरिंगवर ऑईल करपू न देण्यात सिंथेटिक निश्चित सरस आहे. (घाट चढून आल्यावर लगेच किल्ली न फिरवता दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवले, तर साध्या ऑईलमध्येही टर्बो बराच जगतो. हा उपाय फुकटचा आहे.)

दुसरी गोष्ट एपीआयची अक्षरे : सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४. अक्षर जितके पुढचे तितकी कसोटी नवी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ऑईलमधल्या काही रसायनांची जळून राख होते आणि ती राख जाळीत कायमची अडकते. म्हणून बीएस-६ गाडीला कमी राखेचे, म्हणजे सीके-४ किंवा कंपनीने पुस्तकात सांगितलेले ऑईलच घालावे. येथे जुन्या सवयीने स्वस्त बादली ओतली तर जाळीचा खर्च बोकांडी बसतो. मिनरल की सिंथेटिक या वादापेक्षा ही अक्षरे मोठी आहेत, असे माझे मत झाले आहे. एफए-४ असे दिसले तर मात्र ते पुढचे समजून घेऊ नये. ते काही विशिष्ट नव्या इंजिनांसाठीचे पातळ ऑईल आहे.

जुन्या गाडीत सिंथेटिक घातले की गळती लागते, असे सगळे ड्रायव्हर सांगतात. त्यात अर्धे सत्य आहे. सुरुवातीच्या काळातली काही सिंथेटिक ऑईले रबरी सील आकसवत, हा दोष पुढे दूर झाला. पण जुन्या इंजिनाचे सील आधीच कडक झालेले असते आणि गाळाने ती फट बुजलेली असते. नवे ऑईल गाळ धुऊन काढते आणि गळती उघडी पडते. तसेच इंजिन ऑईल पीत असेल तर महागडे ऑईलही तसेच जळून जाणार. आधी रिंगांचे काम करावे, मग ऑईलचा विचार.

बदल करायचाच असेल तर इंजिन गरम असताना जुने ऑईल पूर्ण सोडावे, फिल्टर नवा टाकावा. थोडे जुने मिनरल आत राहिले तरी बिघडत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात. चेंबरमध्ये डिझेल ओतून इंजिन 'धुण्याची' गॅरेजची पद्धत मात्र टाळावी. आत उरलेले डिझेल नव्या ऑईलला पातळ करते. पहिल्या खेपेस ऑईल थोडे लवकर बदलावे, कारण सुटलेला गाळ त्यात आलेला असतो.

आता हिशेब, जो माझ्या नोकरीचा भाग आहे. समजा, गाडीत १५ लिटर ऑईल बसते, मिनरल ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ६००, आणि फिल्टर ७०० रुपयांचा. मिनरलचा खर्च ५,२०० रुपये, सिंथेटिकचा ९,७००. मिनरल १८,००० किलोमीटरला बदलत असाल तर सिंथेटिक सुमारे ३३,६०० किलोमीटर चालले तरच बरोबरी होते. कंपनीचे पुस्तक एवढी मुदत देते का, हे प्रथम पाहावे. कारण काजळी, ऑईलमध्ये उतरणारे डिझेल आणि आम्ल ही सिंथेटिकलाही सोडत नाहीत. क्रशरवर खडी भरायला तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीचे तर किलोमीटर खोटेच बोलतात, तेथे तास धरावेत. लांब पल्ल्याच्या नव्या गाडीला सिंथेटिक परवडू शकते. भाच्याच्या गाडीला परवडत नाही.

सोडलेले काळे ऑईल काही जण सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, काही ओढ्याकाठी ओततात. आपल्या तालुक्यातले बहुतेक ओढे अखेर मुळेलाच मिळतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे हे ऑईल घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. ते गोळा करून तिकडे पाठवणारे गॅरेज निवडावे.

भाचा आता मिनरल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस वापरतो. सीलबंद बादली अधिकृत विक्रेत्याकडून घेतो, रिकामी झाली की तिला भोक पाडतो, म्हणजे ती पुन्हा कोणी भरून विकू नये. डॅशबोर्डखाली एक वही आहे. तीत तारीख, किलोमीटर आणि बिल क्रमांक असतो. गेल्या महिन्यात ती मला दाखवून म्हणाला, "मामा, जामीनदाराची सही करा." मी केली.